हरकत असल्यास

सोमवारी सकाळी डब्यातून खालच्या जबड्याचा साचा काढला, ब्रशनं त्यावरची पूड झटकली आणि हात तिथंच थांबला. समोरच्या डाव्या दाताच्या कडेला एक बारीक खाच होती. वर्षानुवर्षं रोज त्याच दातानं दोरा तोडला की पडते तशी. मी छत्तीस वर्षं कवळ्या बनवतोय. माझ्याकडे माणसं येत नाहीत, त्यांचे जबडे येतात. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेतात, डब्यावर नंबर टाकतात, दातांचा रंग लिहितात आणि पाठवून देतात. मी प्लास्टर ओततो, मेणात दात बसवतो, मग मेणाच्या जागी गुलाबी रेझीन भरून शिजवतो, घासतो, चकाकी आणतो आणि परत पाठवतो. त्या तोंडानं पुढे कोण काय बोलतं हे मला कळत नाही, कळायचं कारणही नाही. पण ही खाच मला माहीत होती. या शहरात शिवणकाम करणाऱ्या बाया शेकड्यांनी असतील, दातानं दोरा तोडणाऱ्याही असतील. तरी खाचेशेजारचा तो जरासा मागं सरकलेला दात पाहिल्यावर शंका उरली नाही. तो माझ्या भावजयीचा जबडा होता, धाकट्या भावाच्या बायकोचा. वरचे सगळे दात गेले होते तिचे. चार रस्ते सोडून राहते ती, दर रविवारी आम्ही एकाच छताखाली बसतो, आणि तिचे दात गेल्याचं मला डब्यातून कळलं.

एरवी मी दहा मिनिटं हळहळलो असतो आणि कामाला लागलो असतो. पण आदल्याच दिवशी, रविवारी, उपासनेत माझं नाव वाचलं गेलं होतं. आमच्या चर्चच्या मंडळीत पाळकांच्या जोडीला सहा वडील असतात. मंडळी त्यांना निवडते, डोक्यावर हात ठेवून त्यांना दीक्षा दिली जाते आणि मग जन्मभर ते वडीलच राहतात. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून होणाऱ्या प्रभुभोजनाची भाकर आणि रसाचे पेले ओळीओळीनं नेणं, आजाऱ्यांच्या घरी जाणं, कोणी चुकला तर त्याला समोर बसवून विचारणं, हे त्यांचं काम. सहातले एक वारले आणि त्या जागी मला निवडलं. दीक्षेआधी तीन रविवार नाव वाचायचा नियम आहे. पाळक वयानं माझ्या मुलासारखे, आवाज स्वच्छ. त्यांनी कागद उलगडला आणि वाचलं, "या बंधूंच्या शिकवणीविषयी किंवा वागणुकीविषयी कोणाची हरकत असल्यास त्यांनी ती तिसऱ्या रविवारपर्यंत कळवावी." मग ते थांबले. थांबायचं असतं, तसं लिहिलेलंच आहे. त्या थांबण्यात कोणीतरी खोकलं, कोणाचं तरी पुस्तक मिटलं, आणि माझ्या पाठीच्या कण्याला सहाव्या ओळीतून भावजयीची नजर लागली. मागं वळून पाहिलं नाही मी. बायकोनं माझ्या हातावर हात ठेवला. तिला वाटलं मी भारावून गेलोय.

मी दोनदा नाही म्हणालो होतो. दहा वर्षांपूर्वी एकदा, चार वर्षांपूर्वी एकदा. पण नाही म्हणण्याची गंमत अशी, की दोनदा नाही म्हटल्यावर लोकांना मी नम्र वाटायला लागलो, आणि नम्र माणसाला तर कोणी सोडत नाही. तिसऱ्या वेळी पाळक घरी आले, बायको चहा ठेवायला उठली आणि स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "आता तरी हो म्हणा अहो, किती भाव खायचा?" सगळे हसले. मीही हसलो आणि हो म्हणालो. खरं सांगायचं तर मी त्या तीन रविवारांवर भिस्त ठेवून हो म्हणालो. तीनदा सगळ्यांसमोर विचारणार आहेत, तीनदा थांबणार आहेत. एकतीस वर्षं जे माझ्या तोंडून निघालं नाही ते कोणीतरी एकदाचं माझ्या तोंडावर म्हणेल, अशी माझी आशा होती. कोणीतरी म्हणजे भावजय. दुसरं कोण उरलं होतं? धाकटा जाऊन वीस वर्षं झाली.

त्या शनिवारी दुपारी मी सत्तावीस वर्षांचा होतो. प्रभुभोजनाचे पेले भरायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझा हात स्थिर, आणि ते मला सगळ्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं की माझाही त्यावर विश्वास बसला होता. तेव्हा खरा द्राक्षारस वापरत. वर्षाचा साठा एकदाच मागवलेला असायचा आणि कपाटात मोजक्या बाटल्या असायच्या. मागच्या छोट्या खोलीत एक चिनी मातीचं बेसिन, वर एकच नळ, खिडकीत उन्हाचा एक चौकोन. मी पेल्यांची तबकं ओळीनं मांडली, पहिली बाटली चोचीच्या भांड्यात ओतली, आणि उघडून ठेवलेली दुसरी बाटली घ्यायला वळलो तर तिला कोपर लागलं. बाटली फुटलीही नाही. नुसती आडवी झाली आणि बेसिनमध्ये गटगट करत रिकामी होत राहिली, आणि मी तिच्याकडे पाहत राहिलो. उचलायला दोन सेकंद पुरले असते. ते दोन सेकंद मी कुठं होतो हे मला आजही सांगता येत नाही. मग मी नळ सोडला. बेसिन धुतलं, आणि त्याच नळाखाली बाटली धरून ती गळ्यापर्यंत भरली. रंग फिका झाला होता. उन्हात धरली की दिसायचं, सावलीत नाही दिसायचं. मी सगळे पेले भरले, एकही थेंब बाहेर न सांडता, आणि झाकण घालून घरी गेलो. त्या संध्याकाळी मी व्यवस्थित जेवलो, हे मला चांगलं आठवतं.

रविवारी तेव्हाच्या पाळकांनी पेला ओठाला लावला आणि त्यांचा चेहरा बदलला. लोकांचेही बदलले. सोमवारी संध्याकाळी सहा वडील टेबलाभोवती बसले. त्यांना कोडं पडलंच नव्हतं. चर्च झाडायचं काम धाकट्याकडे होतं, मागच्या खोलीची किल्ली त्याच्या खिशात असायची, आणि धाकटा पूर्वी पीत होता. पूर्वी म्हणजे चौदा महिन्यांपूर्वीपर्यंत. ज्या मुलीशी लग्न करायचं होतं तिच्यासाठी त्यानं सोडली होती आणि त्या चौदा महिन्यांत तो तोंडानं कमी आणि हातानं जास्त बोलायला लागला होता; घरातली प्रत्येक खिळखिळी खुर्ची त्यानं दुरुस्त करून टाकली होती. खोलीत वास येत होता, बाटलीत पाणी होतं, किल्ली त्याची होती. दोन आणि दोन मांडायला सहा माणसं कशाला लागतात? त्या सहांतले एक, ज्यांना सगळे मोठे वडील म्हणतात, ते तेव्हा पन्नाशीचे, सगळ्यांत कडक आणि सगळ्यांत सरळ. त्यांनी धाकट्याला विचारलं, "तू प्यालास?" तो म्हणाला, "नाही." मग ते माझ्याकडे वळले. मला अहोजाहो करायचे ते, माझ्या स्थिर हातामुळे. "तुम्ही भरलंत तेव्हा दोन्ही बाटल्या भरलेल्या होत्या?" एवढंच विचारलं. पाणी तुम्ही घातलंत का, असं नाही विचारलं. तसं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. मी म्हणालो, "मला आठवत नाही."

धाकट्यानं माझ्याकडे पाहिलं. पेले कोणी भरले हे त्याला माहीत होतं, आपण प्यालो नाही हेही माहीत होतं, म्हणजे राहिलं काय? एक क्षण पाहिलं आणि मग तो माझ्या बुटांकडे पाहायला लागला. तो बोलेल म्हणून मी वाट पाहिली. मी खरंच वाट पाहिली, आणि तो बोलला असता तर मी त्याला खोटा पाडला असता की नाही हे मला माहीत नाही. तो एवढंच म्हणाला, "ठीक आहे." सहा महिने भोजनाला येऊ नये, मग मंडळीसमोर क्षमा मागावी, म्हणजे पूर्ववत, असं ठरलं. मला वाटलं, सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे. माणूस स्वतःला किती स्वस्तात समजावतो. सहा महिन्यांनी त्यानं क्षमा मागितली नाही. न केलेल्या गोष्टीची काय मागणार? आणि ज्यानं केलं त्याचं नावही सांगितलं नाही. दर प्रभुभोजनाला तो सहाव्या ओळीत येऊन बसायचा, तबक आलं की हातात घ्यायचा आणि एकही पेला न उचलता पुढच्याला द्यायचा. लग्नानंतर त्याची बायको शेजारी बसायला लागली, तिनंही कधी उचलला नाही. अकरा वर्षं. मधल्या काळात मंडळीनं द्राक्षारस बंद करून साधा द्राक्षांचा रस सुरू केला, कोणा अशक्त भावाला मोह नको म्हणून. आणि उरलेल्या बाटल्या, पेले, सगळं मोजून ठेवायचा नियम केला. आज ते नियम कशामुळे आले हे विचारलं तर चार माणसांना सांगता येणार नाही. धाकट्यानं पुन्हा कधी थेंबही घेतला नाही. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. एका इमारतीच्या नवव्या मजल्यावर, अवजारांची पेटी उघडी, हातात पाना, आणि छाती धरून जिन्यात बसला तो बसलाच. अंत्यविधीला मोठे वडील माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "त्याच्यासाठी आपण खूप प्रयत्न केले." मी मान हलवली. तेही माझ्या नावावर आहे.

दुसऱ्या रविवारी पुन्हा नाव वाचलं गेलं, पुन्हा पाळक थांबले, पुन्हा काही नाही. आठवडाभर मी तिच्या वरच्या दातांवर काम करत होतो. डॉक्टरांनी लिहिलं होतं, सर्वसाधारण मांडणी. सर्वसाधारण म्हणजे सरळ, रांगेत. पण तिच्या वरच्या दातांतला एक जरा आडवा होता, उजवीकडचा दुसरा. हसताना ती तो हातानं झाकायची, आणि धाकटा तिचा हात खाली ओढायचा. मला त्याचा तो हात दिसतो, ग्रीस लागलेला. मी मेण गरम करून तो दात किंचित फिरवला. मग वाटलं, हा कोणता अधिकार मला? परत सरळ केला. मग परत फिरवला. दोन्ही जबडे बिजागरीच्या यंत्रात बसवून उघडमीट करून पाहिली. टेबलावर नुसतेच दात चावत होते, शब्द नाही. माझी एकतीस वर्षांची दातखीळ आणि मी पोटापाण्याला तोंडं बनवतो. याला काय म्हणावं? तो दात शेवटी आडवाच ठेवला.

दीक्षेसाठी बायकोनं नवीन पँट आणली होती, ती दोन बोटं लांब होती. "तुमच्या भावजयीकडे टाका," ती म्हणाली, "तिच्यासारखी दुमड कोणी घालत नाही." गुरुवारी दुपारी मी गेलो. खोलीत एक शिवणयंत्र, भिंतीला टेकून कापडांचे गठ्ठे, खिडकीत एकच खुर्ची आणि दाराच्या कडीला टांगलेली मापाची पट्टी. तिनं ओढणी तोंडाशी धरली होती. मला पँट घालून एका बुटक्या स्टुलावर उभं केलं आणि ती खाली गुडघ्यांवर बसून टाचण्या लावायला लागली. ती खाली आणि मी वर, मला ते नको वाटलं, पण माप तसंच घेतात.

"दात काढले म्हणे," मी म्हणालो.

"काढले. हिरड्याच गेल्या होत्या." ओढणीआडून तिचा आवाज मऊ येत होता. "येतील शुक्रवार-शनिवारी नवीन."

"ते माझ्याकडेच आलेत."

"वाटलंच. डॉक्टर दुसऱ्या कुणाकडे देतात?" तिनं एक टाचणी लावली. "हात अजून स्थिर आहे ना, भाऊजी? या वेळी सांडू नका म्हणजे झालं."

स्टुलावर असल्यामुळे मला मागं सरकता आलं नाही. ती वर न पाहता दुमड नीट करत होती. मी विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"लग्नाच्या आधीपासून. यांनी सांगितलं. आणि वर बजावलं, दादाला कळू देऊ नकोस तुला माहीत आहे ते. त्याला तुझ्यासमोर यायला लाज वाटेल."

"मग तू हरकत घे," मी म्हणालो. "रविवारी शेवटचं विचारतील. तू ऊठ आणि सांग. तुझा हक्क आहे तो. मी एका शब्दानं नाही म्हणणार नाही."

आता तिनं वर पाहिलं. ओढणी सुटली होती, वरचा ओठ आत गेलेला. एकदम म्हातारी दिसली, आणि ते तिच्याही लक्षात आलं, पण तिनं परत झाकलं नाही. "मी उठले तर काय होईल सांगू? घटकाभर सगळे माझ्याकडे बघतील. मग म्हणतील, बाई अजून मनात धरून बसलीय. तुम्ही मान खाली घालाल आणि सुटाल. मी नाही सोडवायची तुम्हाला. मला नाही जमायचं ते."

"मी स्वतः सांगितलं तर? तुला चालेल?"

"मला विचारून सांगणार?" ती म्हणाली. "परत माझ्यावरच टाकताय. यांनी विचारलं होतं का तुम्हाला, मी गप्प बसू का म्हणून?" तिनं दुसऱ्या पायाची दुमड हातात घेतली. "अकरा वर्षं, भाऊजी. दर वेळी तबक हातात आलं की आधी ते तुमच्याकडे बघायचे. रागानं नाही हो. रागानं बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. आज दादा बोलेल, असं वाटायचं त्यांना. घरी आल्यावर म्हणायचे, पुढच्या वेळी." मग टाचण्यांची डबी बंद करत ती उठली, उठताना तिनं माझ्याच हाताचा आधार घेतला. "शनिवारी न्या पँट. इस्त्री करून ठेवते."

मी जिना उतरलो तेव्हा रस्त्यावर भरपूर ऊन होतं, माणसं आपापल्या कामाला चालली होती. पुढच्या वेळी. दर महिन्याला एकदा प्रभुभोजन, अकरा वर्षं. मला आकडेमोड करायची नव्हती पण डोक्यानं केलीच, सव्वाशेच्या वर वेळा तो माझ्याकडे पाहत होता आणि मी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे. त्याची पाठराखण करावी म्हणून आईनं मरताना त्याचा हात माझ्या हातात दिला होता. तिला कोण कोणाची पाठराखण करणार ते कळलं नाही. मला रडू आलं. औषधाच्या दुकानाच्या आडोशाला उभा राहून मी रडलो, अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, आणि दुकानदारानं काही हवंय का म्हणून विचारलं.

तिसऱ्या रविवारी पेले मीच भरले. इतकी वर्षं ते काम मी कोणाला दिलेलं नाही. लोकांना ती भक्ती वाटते. त्याच बेसिनशेजारी, छत्तीस-छत्तीस पेल्यांची चार तबकं. मग बाहेर येऊन पहिल्या ओळीत बसलो. ठरवून आलो होतो की पाळक थांबले की उठायचं. वाक्यही ठरवलं होतं, छोटं, पाच शब्दांचं. पाळकांनी कागद उलगडला, "कोणाची हरकत असल्यास" म्हणाले, आणि थांबले. पँटची दुमड बुटावर अगदी जिथं हवी तिथं पडली होती, मी तिच्याकडे पाहत राहिलो. ते दोन सेकंद. तेच. बाटली आडवी होती आणि मी पाहत होतो. पाळकांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "कोणाचीही हरकत नाही."

मग मला पुढे बोलावलं. या सेवेला तुम्हाला देवानं बोलावलं आहे असं मानता काय, विचारलं, आणि मी होय म्हणालो. गुडघे टेकले. पाळकांचा हात डोक्यावर आला, मग पाच वडिलांचे. मोठ्या वडिलांचा हात सगळ्यांत शेवटी आला आणि सगळ्यांत जड होता. ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. टेबलाभोवतीच्या त्या सहांपैकी एकटेच उरलेले. त्यांच्या तोंडातली कवळी मी केलेली आहे, प्रार्थना म्हणताना ती थोडी वाजते. मी प्रार्थनेतला एकही शब्द ऐकला नाही. मला एवढंच कळत होतं, की हे हात आता उचलले जातील आणि मी होतो तोच माणूस म्हणून उठेन. तसंच झालं. बायको डोळे पुसत होती.

नवीन वडिलानं त्याच उपासनेत वाढायचं असतं. मला डावी बाजू दिली, पहिली ते आठवी ओळ. पेटी वाजत नव्हती. आमच्याकडे पेले फिरतात तेव्हा पूर्ण शांतता असते, फक्त काचेचा बारीक आवाज. एक, दोन, तीन. माझा हात स्थिर होता. सहाव्या ओळीशी आलो. भावजय कडेला बसली होती, तिच्या शेजारची एक जागा रिकामी. गर्दी असली तरी त्या जागेवर कोणी बसत नाही, सवयच पडून गेलीय सगळ्यांना. मी तबक पुढे केलं. ती ते हातात घेऊन पलीकडे देईल म्हणून मी सैल सोडायला लागलो, तर तिनं घेतलंच नाही. माझ्याकडे पाहिलं, आणि बोलली. कुजबुजली नाही, शिवायला आलेल्या बाईशी बोलावं तशी बोलली. तोंड उघडलं तेव्हा तो आडवा दात दिसला.

"आज कोणी भरलं?"

पुढच्या ओळीतली एक-दोन डोकी वळली. "मी," मी म्हणालो.

"आणि त्या दिवशी?"

हा प्रश्न एकतीस वर्षांपूर्वी सहा माणसांपैकी एकानं जरी विचारला असता. पण विचारला असता तर मी उत्तर दिलं असतं का? मला ठाऊक नाही. आता तो विचारला गेला होता, आणि तबकाला माझे दोन्ही हात अडकलेले होते, घड्याळाकडे बघायची सोय नव्हती. "त्या दिवशीही मीच," मी म्हणालो. "बाटली माझ्या हातून सांडली. पाणी मी घातलं. धाकटा प्याला नव्हता." आवाज मोठा नव्हता, पण त्या शांततेत तो पुढच्या भिंतीपर्यंत गेला. मला तो परत आलेला ऐकू आला. पाळकांनी मान वर केली. माझ्या बायकोचा चेहरा मला दिसला, मी तिकडे फार वेळ पाहू शकलो नाही. मोठे वडील पुढच्या खुर्चीत, हात काठीवर, हलले नाहीत.

भावजयीनं तबकातून एक पेला उचलला. जपून, काठोकाठ भरलेला होता तो. पुढच्या बाकाच्या पाठीला फळी असते, तिला पेले ठेवायला गोल भोकं असतात. तिनं तो स्वतःसमोर नाही ठेवला. हात लांब करून शेजारच्या रिकाम्या जागेसमोरच्या भोकात ठेवला, आणि नीट बसला की नाही हे बोटानं पाहिलं. मी तबक तसंच धरून होतो, तिच्या वाट्याचा पेला तिच्यापुढे. तिनं मान हलवली.

"माझं नको," ती म्हणाली. "पुढे न्या. लोक थांबलेत."

मी पुढे नेलं. सातवी ओळ, आठवी. काहींनी घेतले, काहींनी घेताना माझ्या हाताला हात लागू दिला नाही. पाळकांनी शब्द म्हटले, सगळे प्यायले, आणि मग रिकामे पेले गोळा करत मी उलटा आलो. सहाव्या ओळीत तो भरलेला पेला तसाच उभा होता. तिच्या मांडीवर हात, नजर पुस्तकात, गाल ओले. मी तो उचलला नाही.

मागच्या खोलीत मोठे वडील आधीच येऊन बसले होते. पेले मोजायचं काम त्यांचं; नियम झाल्यापासून त्यांनी ते कोणाला दिलेलं नाही. माझ्याकडे न पाहता त्यांनी माझं तबक जवळ ओढलं आणि बोटानं एकेका भोकाला हात लावत मोजायला लागले. मी बेसिनला टेकून उभा राहिलो. त्यांनी ऐकलं होतं की नाही हे मला कळेना. कानानं कमी आहेत ते. पस्तीसपाशी बोट थांबलं. त्यांनी पहिल्यापासून पुन्हा मोजलं. दुसऱ्यांदा बोट त्या रिकाम्या भोकावर आलं, आणि तिथंच राहिलं.

"एक कमी आहे," ते म्हणाले.

"कमी नाही," मी म्हणालो. "धाकट्यासमोर आहे."